गाडीत ॲम्प बसवताय? आधी बोनेट उघडा

तळेगावच्या चौकात संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. हायवेवरून येणारी एखादी गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. आधी नुसता बेस येतो, मग गाणं, आणि सगळ्यात शेवटी गाडी. जवळून गेली की कळतं, गाण्यापेक्षा जास्त तर तिची मागची नंबर प्लेट वाजतेय.

मृग बहाराच्या संत्र्याचा हिशेब झाला, लग्नसराई तोंडावर आली, की आपल्या आष्टी-कारंजा-आर्वी पट्ट्यात सेकंडहँड गाड्यांना ॲम्प आणि बूफर बसवायचे बेत सुरू होतात. तुमच्याही डोक्यात आत्ता तेच असेल तर बसवा. मी नको म्हणायला आलेली नाही, बेस मलाही आवडतो. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवून पुढे वाचा. आपल्याकडच्या कितीतरी गाड्या नुसत्या फिरायच्या नसतात, त्या भाड्याने चालतात. गाडी घरचीच असली तरी रात्री दोन वाजता कोणीतरी दार ठोठावतं आणि म्हणतं, ‘भाऊ, सेवाग्रामला न्यायचं आहे.’ कधी सावंगीला. तेव्हा गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली पाहिजे. चुकीचा जोडलेला ॲम्प सगळ्यात आधी खातो ती बॅटरी. आणि फारच चुकीचा जोडला असेल तर गाडीच.

५० वॅट कुठून आले?

मुळात ॲम्प लागतोच कशाला? डेकवर तर मोठ्या अक्षरात ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नाही, पण तो काय आहे हे कोणी सांगत नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डेकच्या आतल्या छोट्या ॲम्पला तेवढ्यातच भागवायचं असतं. स्पीकर ४ ओहमचा धरा. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा. उत्तर ५२ च्या आसपास येतं. हेच ते ‘५० वॅट’. पण एवढी पॉवर कधी निघते? आवाजाच्या लाटेचं डोकं पूर्ण कापलं जाऊन ती चौकोनी झाली, तेव्हा. म्हणजे गाणं फाटल्यावर. न फाटता वाजायचं असेल तर गणिताने त्याच्या निम्मी, २६ वॅटच्या आतली, आणि प्रत्यक्षात १८-२० वॅट पॉवर हातात येते. व्हॉल्यूम तीसच्या वर गेला की आवाज चिरका होतो, त्याचं कारण हे.

वेगळा ॲम्प हा अडसर एका युक्तीने ओलांडतो. त्याच्या पोटात एक कन्व्हर्टर असतो. तो बॅटरीचे १२-१४ व्होल्ट आधी वाढवून घेतो आणि मग त्यावर गाणं चालवतो. ही अडचण तशी गाडीतल्या रेडिओइतकीच जुनी आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाचा कार रेडिओ बाजारात आणला. (हो, तीच मोबाइलवाली मोटोरोला. ‘मोटर’ वरूनच ते नाव आलं.) त्या काळच्या रेडिओत व्हॉल्व्ह असायचे आणि त्यांना गाडीच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागायचं. मग त्या दशकात थरथरणारी पट्टी असलेला ‘व्हायब्रेटर’ वापरून व्होल्टेज वाढवायला लागले. आज तेच काम ट्रान्झिस्टर मुकाट्याने करतात.

पण व्होल्टेज वाढवलं म्हणजे वीज फुकट मिळाली असं नाही. जेवढी पॉवर बूफरला जाणार, त्याहून जास्त बॅटरी आणि आल्टरनेटरमधून ओढली जाणार. खोक्यावरच्या आकड्याची पोलही इथेच उघडते. दुकानात ‘५००० वॅट’ लिहिलेला ॲम्प दाखवतील. तुम्ही खोकं बाजूला ठेवा आणि ॲम्पच्या कडेला बसवलेला फ्यूज बघा. समजा तिथे ३० अँपिअरचा एकच फ्यूज आहे. ३० गुणिले १४, म्हणजे सव्वाचारशे वॅटच्या आसपास. आत जाणारी वीजच एवढी आहे! त्यातला काही भाग उष्णता म्हणून जातो. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी ॲम्पमध्ये जवळजवळ निम्मा, नव्या क्लास डी मध्ये पाचवा हिस्सा वगैरे. म्हणजे एबी असेल तर बूफरपर्यंत दोन-अडीचशे वॅट पोचले तरी नशीब. उरलेले ‘साडेचार हजार’ खोक्यावरच राहतात. खरा आकडा हवा असेल तर ‘आरएमएस’ किती ते विचारा. मी एका दुकानात विचारलं तर ‘ताई, भावाला पाठवा’ असं उत्तर मिळालं. भाऊ सातवीत आहे.

आणखी एक धक्का. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला ‘डबल’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. त्यामुळे ३०० चा ॲम्प सोडून ५०० चा घेतला तर फरक कळेल न कळेल इतकाच. तेच पैसे वायरवर घाला.

वायरची गोष्ट

खरी गंमत इथे आहे आणि इथेच सगळे पैसे वाचवतात, कारण वायर दिसत नाही. ती बोनेटखालून निघते, कारपेटखालून जाते आणि डिक्कीत उगवते. मित्राला दाखवायला काहीच नाही.

एक हिशेब करू. खरोखरचे ५०० वॅट आरएमएस देणारा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात चालला तर साधारण ४५ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत वायर ४ मीटर धरू. कोणी सांगितलं, ‘घरात वायरिंगची अडीच एमएमची वायर पडली आहे, तीच टाकू’. तर त्या वायरीतच जवळजवळ १.३ व्होल्ट खाल्ले जातील आणि वायर ६० वॅटने तापेल. म्हणजे कारपेटखाली जुना ६० चा पिवळा बल्ब लावल्यासारखं. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं हे मान्य, पण वरातीत असतं! त्याऐवजी ४ गेजची तांब्याची वायर टाकली तर नुकसान ०.१५ व्होल्टवर येतं. गेजचा आकडा उलटा चालतो, हे विसरू नका. आकडा लहान तेवढी वायर जाड. ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर, ८ गेज म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

त्यातही फसवणूक आहेच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ‘ॲम्प किट’ मध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. वरून लालबुंद जाड रबर, आत तार बारीक. ओळखायचं कसं? टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. ती वापरूच नये असं नाही, पण तिच्यातून वीज कमी वाहते, त्यामुळे मग एक माप जाड घ्यावी लागते. आणि तांब्याच्या भावात तर मुळीच घेऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाकी लेख विसरलात तरी चालेल. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ पाहिजे. जवळ म्हणजे हातभर अंतराच्या आत, दीड फूट पुरे. ‘ॲम्पला फ्यूज आहे ना, मग अजून कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पसाठी आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी आहे. वायर इंजिनाकडून केबिनमध्ये येते तिथे पत्र्याचं भोक असतं, त्याची धार ब्लेडसारखी असते. गाडी रोज थरथरते. सहा महिन्यांत रबर घासलं जातं आणि प्लसची वायर बॉडीला टेकते. बॉडी म्हणजेच मायनस. बॅटरी स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर सहज देते, शॉर्ट झाल्यावर ती त्याहूनही जास्त ओतते. फ्यूज डिक्कीत असेल तर तो ह्या शॉर्टच्या पलीकडे राहतो, त्याला काही कळतही नाही. वायर लाल होते, कारपेट पेटतं. फ्यूज बॅटरीजवळ असेल तर ‘टक्’ होऊन विषय संपतो.

म्हणून भोकात रबरी ग्रोमेट घालायचं, वायरवर नळी चढवायची, आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा. फ्यूज सगळ्यात शेवटी लावायचा. कारागीर घाईत असेल तरी तुम्ही घाईत नसावं. तिथेच स्टूल टाकून बसा.

अर्थिंगचंही तसंच. ॲम्पची मायनस वायर जाडीला प्लसएवढीच, लांबीला मात्र शक्य तेवढी आखूड हवी. जिथे जोडायची तिथला रंग घासून चकचकीत पत्रा काढायचा, थिंबल दाबून नट-बोल्टने आवळायचा आणि वरून गंज लागू नये म्हणून रंग किंवा ग्रीस. रंगावरच स्क्रू मारला तर वीज अर्धीमुर्धी जाते आणि तो सांधा तापतो. पण स्क्रू मारायच्या आधी गाडीखाली वाकून बघा! कितीतरी गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. वरून ड्रिल मारणाऱ्याला ती दिसत नाही. सीएनजीची गाडी असेल तर डिक्कीत सिलिंडर आणि त्याची नळी असते, मग अजून सांभाळून. पुढच्या सीटखाली पिवळ्या आवरणाची किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर तिला हातही लावायचा नाही, ती एअरबॅगची असते.

ती पातळ निळी वायर

ॲम्पला तीन वायरी लागतात. प्लस, मायनस आणि एक पातळ, ‘रिमोट’. बहुतेक डेकमधून ती निळी किंवा निळी-पांढरी निघते. डेक चालू झाला की ह्या वायरीतून १२ व्होल्ट जातात आणि ॲम्प जागा होतो. डेक बंद, ॲम्प बंद. काम एवढंच. पण कंपनीच्या स्क्रीनवाल्या स्टिरिओत ही वायर कधी सापडत नाही, मग आळशी कारागीर तिला सरळ कायमच्या प्लसला जोडून मोकळा होतो. गाणं तर वाजतं! तुम्ही खूश होऊन घरी जाता. ॲम्प मात्र रात्रभर जागा. काही न वाजवताही तो तासाला एखादा अँपिअर पितो. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. गाडी दोन रात्री उभी राहिली की निम्म्याहून जास्त रिकामी. तिसऱ्या रात्री सेवाग्रामचा फोन येतो आणि सेल्फ ‘टक टक’ करतो. त्यामुळे पैसे द्यायच्या आधी चावी काढा, दार लावा, पाच मिनिटांनी डिक्की उघडून ॲम्पचा दिवा बघा. तो विझलेला पाहिजे.

कंपनीच्या अशा स्टिरिओला मागे आरसीएची भोकंही नसतात. त्यासाठी डेक फेकून द्यायची गरज नाही. बऱ्याच ॲम्पना ‘हाय लेव्हल इनपुट’ असतो, तो स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेतो. नसेल तर कन्व्हर्टर मिळतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू देऊ नका, जुळणारा सॉकेट लावा. कापलेली वायर दाखवून सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटी नाकारू शकतात.

सिग्नलची आरसीए केबल आणि पॉवरची वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्या. एकत्र बांधल्या तर गाण्यामागे एक बारीक ‘ऊंऽऽ’ येतो आणि ॲक्सिलरेटर दिला की तो चढतो. तो आल्टरनेटरचा आवाज. केबली वेगळ्या असूनही येत असेल तर पुन्हा अर्थिंग तपासा, निम्म्या वेळा दुखणं तिथेच असतं.

रात्री बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मिचमिचत असतील तर ती स्टाइल नाही. ॲम्प मागतोय तेवढं आल्टरनेटर देऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ. बऱ्याच छोट्या गाड्यांचा आल्टरनेटर १०० अँपिअरच्या आतला असतो आणि त्यातच एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा, लाइट, सगळं भागवायचं असतं. सत्याग्रही घाटातल्या वळणावर समोरून ट्रक येतोय आणि आपला उजेड गाण्यावर नाचतोय, हे कोणालाच नको. दुकानदार म्हणेल, ‘कपॅसिटर लावून देतो’. तो एका ठोक्यापुरता आधार देतो, वीज बनवत नाही. सेकंडभरापेक्षा लांब बेसला त्याचा काही उपयोग नाही. आधी वायरी नीट करा, तरी लाइट मिचमिचले तर छोटा ॲम्प घ्या.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

ॲम्पवर ‘गेन’ नावाचा एक खटका असतो. शेवटपर्यंत फिरवायचा मोह होतो, नाही का? गेनचं काम आवाज वाढवणं नाही. डेककडून येणारा सिग्नल आणि ॲम्पची ताकद यांची गाठ कुठे मारायची, एवढंच तो ठरवतो. तो पूर्ण उघडला की व्हॉल्यूम दहावर असतानाच ॲम्पची ताकद संपते, पुढे सगळं फाटलेलं. आणि स्पीकर जळतात ते बहुतेक वेळा ह्या फाटलेल्या आवाजानेच.

मल्टिमीटर असेल तर सोपं आहे. बूफर काढून ठेवा. ५० हर्ट्झची टोन डेकवर लावा, व्हॉल्यूम पाऊण. ॲम्पच्या आउटपुटला मीटर एसी व्होल्टवर लावा. आता वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ३०० वॅट आणि ४ ओहम असेल तर १२०० चं वर्गमूळ, ३४.६ व्होल्ट. गेन शून्यावरून हळूहळू वाढवत मीटर तिथे आला की थांबा. अकरावी-बारावीत ‘हे कुठे कामाला येणार’ म्हणून शिव्या घातलेलं गणित इथे कामाला येतं. मीटर नसेल तर ओळखीचं, स्वच्छ रेकॉर्डिंगचं गाणं लावा, आवाज फाटायला लागेल तिथून थोडं मागे या.

फिल्टरचे खटकेही बघून घ्या. दारातल्या स्पीकरला ‘एचपीएफ’, ८० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खोल बेस त्यांच्याकडे जाणार नाही. बूफरला ‘एलपीएफ’, तेवढ्यावरच. एवढ्यानेच दारातले चारही स्पीकर मोकळे होतात.

आता दाराविषयी. दाराचा पत्रा पातळ, आत पोकळ. स्पीकर मागे ढकलतो तेव्हा पत्रा पुढे येतो आणि बेस तिथेच विरतो. दाराच्या आतून डॅम्पिंग शीट चिकटवली, स्पीकरभोवतीच्या फटी बुजवल्या, तर पॉवर वाढवल्याइतका फरक पडतो. डिक्कीच्या दारालाही एक पट्टी लावा, नंबर प्लेटमागे फोमचा तुकडा. मग चौकात निदान गाणं ऐकू येईल.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या घरात असतो, बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. ॲम्पला पंख असतात ते दिसायला नाही, हवा लागायला. त्याला कारपेटखाली दाबू नका, बूफरच्या खोक्यावर उलटा ठोकू नका. दुपारी अर्ध्या तासाने गाणं आपोआप बंद पडून थोड्या वेळाने परत सुरू होत असेल तर ॲम्प बिघडलेला नाही, तापून स्वतःला वाचवतोय.

कानाला मात्र असा फ्यूज नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ ह्या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास. १०० ला १५ मिनिटं. बूफरवाली गाडी १०० सहज गाठते आणि तळेगावहून नागपूरला दीड-दोन तास लागतात. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर जास्त झालं.

बाहेरच्यांच्या कानाचा कायदा वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. आणि मोठं खोकं बसवायला मागची सीट काढून टाकायचा विचार असेल तर थांबा, आरसी बुकात जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढ्या गाडीत असाव्या लागतात.

काम झाल्यावर आठवडाभराने बोनेट पुन्हा उघडा. जोरात अर्धा तास गाणं वाजवून बॅटरीजवळच्या फ्यूजच्या डबीला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर आतला स्क्रू ढिला आहे, आवळा. अर्थिंगच्या बोल्टचंही तेच. आणि डॅशबोर्डच्या खणात त्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज टाकून ठेवा. रस्त्यात फ्यूज उडाला तर मागच्या सीटवरचा कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचा जुगाड नक्की सुचवेल. त्याला डिक्कीतली पाण्याची बाटली काढायला पाठवा आणि ॲम्प बंद ठेवून घरी या.